चेंडू फेकणंही शिकवावं लागतं

“मॅडम, मले नाही जमत फेकणं.”

दुसरीतली मुलगी. उजव्या हातात कापडी चेंडू, उजवाच पाय पुढे, आणि चेंडू कोपरातून नुसता ढकललेला. तो चार पावलांवर जाऊन पडला. मागे रांगेत उभी असलेली पोरं हसली. बहुतेक शिक्षक करतात तेच मीही केलं. “जोरात फेक ना!” म्हटलं. तिनं दात-ओठ खाऊन जोर लावला. चेंडू पुन्हा तिथंच.

जोर कमी नव्हताच. हीच मुलगी बोरिंगवरून पाण्यानं गुंड भरून आणते, सुटीच्या दिवशी आईसोबत कापूस वेचायला जाते. फेकताना कोणता पाय पुढे टाकायचा, कंबर आणि खांदा कधी वळवायचा, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. आणि ते दाखवायचं असतं, हे इतकी वर्षं शिकवूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

यवतमाळ जिल्ह्यातली आमची छोटी शाळा, पहिली ते चौथी. इथं पालक मला नेहमी म्हणतात, “खेड्यातलं लेकरू आहे बाई, दिवसभर उंडारते. त्याले खेळणं काय शिकवता?” यात अर्धं खरं आहे. कुशीवर वळणं, रांगणं, उभं राहणं, चालणं हे वाढीबरोबर येतं. पण त्यापुढच्या हालचालींचा, म्हणजे फेकणं, झेलणं, लंगडी, लाथ मारणं, उडी मारून नीट उतरणं यांचा फक्त पहिला कच्चा नमुना आपोआप येतो. तो पक्का व्हायला सराव लागतो, कुणीतरी दाखवावं लागतं आणि जमेल अशी संधी पुन्हा पुन्हा मिळावी लागते. बोलणं कानावर पडून येतं, वाचायला मात्र शिकवावं लागतं, तसंच काहीसं.

शारीरिक शिक्षणात यांना मूलभूत हालचाल कौशल्ये म्हणतात. त्यांचे साधारण तीन गट केले जातात. एका जागेहून दुसऱ्या जागी नेणाऱ्या हालचाली: चालणं, धावणं, उडी, लंगडी, आडवं सरकणं. तोल सांभाळणाऱ्या हालचाली: एका पायावर उभं राहणं, वळणं, वाकणं, लोळणं, अचानक थांबणं. आणि वस्तू हाताळणाऱ्या हालचाली: फेकणं, झेलणं, लाथ मारणं, चेंडू टप्पे देत नेणं, दांडूनं मारणं. तीन ते सात-आठ वर्षं हा यांच्यासाठी फार चांगला काळ. नंतर शिकता येत नाही असं नाही, पण तोवर मूल “मला येत नाही” हे शिकून बसलेलं असतं आणि मग तेच आधी पुसावं लागतं.

या गटांत तोलाकडे आपलं सर्वांत कमी लक्ष जातं, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते.

नुकतं चालायला लागलेलं लेकरू पाहा. पाय फाकवलेले, दोन्ही हात वर धरलेले. शरीर तेव्हा बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त न पडण्याचं काम करत असतं. तोल जसा पक्का होतो तसे हात खाली येतात, आणि खाली आलेले हातच मग फेकायला, झेलायला मोकळे होतात. तोलाची खबर मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते. एक, डोळे. दोन, आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, ज्यांतला द्रव डोकं वळलं की हलतो. तीन, स्नायू आणि सांधे, जे न पाहताही पाय कुठं आहे हे सांगतात. डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू ही खबर जुळवून पाहतो आणि क्षणाक्षणाला दुरुस्ती करतो.

खात्री करायची असेल तर आत्ता उठून एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. काही सेकंदांतच घोटा थरथरू लागेल, कारण तीनपैकी एक खबर बंद झाली. शेताच्या धुऱ्यावरून डोक्यावर पेंढी घेऊन चालणाऱ्या बाईला हे सगळं साधलेलं असतं. तिनं ते रोजच्या वाटेवर कमावलं आहे. शाळेत मी चुन्यानं आखलेल्या रेषेवरून चालायला लावते, मग जमिनीवर टाकलेल्या दोरीवरून, मग विटांच्या ओळीवरून. वर्गात फळ्यावर लिहिताना मुलांना एका पायावर उभं राहायला सांगते. वेगळा तास लागत नाही.

धावण्याबद्दल थोडक्यात. चालताना एक तरी पाय जमिनीवर असतोच. धावताना काही क्षण दोन्ही पाय हवेत असतात. एवढाच दोघांतला फरक, वेग नव्हे. कच्च्या धावण्यात हात शरीरासमोर आडवे झुलतात आणि पूर्ण तळवा धपधप आपटतो. पक्क्यात कोपर काटकोनात वाकलेलं, हात पुढे-मागे. लंगडीत मी वर उचललेला पाय पाहते. तो पाय लाकडासारखा ताठ लटकला असेल तर मूल अजून पहिल्या पायरीवर आहे. तो झोक्यासारखा हलून पुढं जायला जोर देत असेल तर लंगडी आली. ज्वारीच्या धांड्याचा घोडा करून मुलं पळतात तेव्हा एकच पाय सतत पुढं असतो. ती चाल लवकर येते. एक पाऊल आणि त्याच पायावर एक छोटी उडी, मग दुसऱ्या पायानं तेच, ही तालबद्ध चाल मात्र सगळ्यांत उशिरा, बहुतेकांना सहाव्या-सातव्या वर्षाच्या आसपास जमते. पाच वर्षांच्या मुलाला ती जमली नाही तर काळजी करू नका.

फेकण्याकडे परत येऊ, कारण सगळ्यांत जास्त मुलं अडतात ती इथं.

लहान मूल पहिल्यांदा फेकतं तेव्हा पाय जागचे हलत नाहीत, धड समोरच राहतं, काम एकट्या कोपराचं. पुढच्या पायरीवर पाऊल पडतं, पण ज्या हातानं फेकायचं त्याच बाजूचं. माझी दुसरीतली मुलगी इथं उभी होती. तिसऱ्या पायरीवर उलटा पाय पुढे येतो. उजव्या हातानं फेकायचं तर डावा पाय. एवढ्याशा बदलानं सगळं उघडतं. डावा पाय पुढे गेला की कंबर मागे वळायला जागा होते, आधी कंबर फिरते, मग छाती, मग खांदा, मग कोपर, शेवटी मनगट. एकाचा वेग दुसऱ्याला मिळत जातो आणि बोटांतून सुटताना चेंडूत सगळ्या अंगाची ताकद असते. फेकणाऱ्या हाताच्याच बाजूचा पाय पुढे असेल तर कंबर अडकून बसते, आणि मूल कितीही जोर लावो, तो जोर खांद्याच्या पुढं पोचत नाही.

ज्यांच्या घरी अजून ज्वारी होते त्यांनी गोफण आठवावी. माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलणारा माणूस नुसता हात फिरवत नाही. त्याचं सगळं अंग फिरतं, आणि दगड सुटतो तेव्हा पुढचा पाय घट्ट रोवलेला असतो. गावातल्या एका आबाजींना मी शाळेत बोलावलं होतं, दगड न घालता गोफण फिरवून दाखवायला. मुलांनी अर्धा तास नुसते पाय पाहिले. मी पंधरा वेळा सांगून जे कळलं नव्हतं ते त्या अर्ध्या तासात कळलं.

इथं आपली एक नेहमीची चूक होते. आपण लगेच नेम धरायला लावतो. डबा ठेवला, पाड म्हटलं. नेम चुकू नये म्हणून मूल हात आखडतं, पाय धरून ठेवतं आणि हळूच ढकलतं, म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर. सुरुवातीला नेम नकोच. मोठी भिंत द्या आणि सांगा, “भिंतीवर आवाज झाला पाहिजे.” जोरानं फेकायचं म्हटलं की शरीर आपणहून पाऊल टाकतं, कंबर वळवतं. घाट पक्का झाला की मग डबा ठेवा.

सांगायचंही एका वेळी एकच. “पाय पुढे, कोपर वर, कंबर वळव, चेंडूकडे पाहा” असं एका दमात सांगितलं तर मोठा माणूसही गोंधळेल. मी खडूनं जमिनीवर एक पाऊल काढलं आणि त्या मुलीला म्हटलं, “हात मागे ने, आणि या पावलावर डावा पाय ठेवूनच फेक.” बाकी काहीच नाही. त्या दिवशी चेंडू दहा-बारा पावलं गेला. भिंतीला लागायला आणखी दोन आठवडे लागले.

झेलण्यात अडचण वेगळी असते. लहान मूल चेंडू येताना डोळे मिटतं, तोंड फिरवतं आणि दोन्ही हात फळीसारखे पुढे धरतं. त्यावर “घाबरतं काय?” असं ओरडलं की भीती दुप्पट होते. त्याचा मेंदू वेगानं येणाऱ्या वस्तूची वाट मोजायला अजून शिकतो आहे, आणि डोळे मिटणं हा त्याचा बचाव आहे. याला उपाय धैर्याचा उपदेश नाही. चेंडू बदला. फुगा द्या, तो हळू येतो आणि डोळ्यांना वेळ देतो. मग मोठा, मऊ, हलका चेंडू, जो मूल छातीशी कवटाळून झेलेल. मग टप्पा पडून आलेला. मग छोटा, आणि तेव्हा फक्त तळहातांनी. हात सैल ठेवून चेंडूबरोबर थोडे मागे न्यायचे, नाहीतर चेंडू आपटून उसळतो. क्रिकेटचा कडक चेंडू सहा वर्षांच्या मुलाच्या हातात देऊन झेलायला शिकवणं म्हणजे त्याला चेंडूपासून दूर राहायला शिकवणं आहे.

उडीचं सांगायचं तर, वर जाण्यापेक्षा खाली येणं शिकवा. आमच्याकडची मुलं पाराच्या कट्ट्यावरून, बंडीवरून, भिंतीवरून सारखी उड्या मारतात, पण उतरतात ताठ गुडघ्यांनी. तो सगळा दणका घोटा, गुडघा आणि कंबरेला बसतो. आधी चवडे, मग टाच, गुडघे वाकलेले, हात पुढे. मुलांना मी एवढंच म्हणते, “मांजरीसारखं उतरा, आवाज ऐकू येऊ नये.” ती मग एकमेकांचे आवाज ऐकत बसतात आणि आपोआप वाकतात.

हे सगळं कधी करायचं? खेळाचा तास बऱ्याच ठिकाणी गणिताच्या पोटात जातो, हे आपल्याला माहीत आहे. राहिलाच, तर चेंडू देऊन मुलांना मैदानात सोडलं जातं. मग पाच-सहा धीट मुलं खेळतात आणि उरलेली कडुनिंबाखाली बसतात. ज्यांना येतं त्यांना आणखी येतं. संगीत खुर्चीसारख्या बाद होणाऱ्या खेळात तर सगळ्यांत कच्चं मूल सगळ्यांत आधी बाहेर जातं, म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज त्यालाच तो सर्वांत कमी. मी ते खेळ सोडले नाहीत, पण नियम बदलला. बाद झालेल्यानं दहा उड्या मारून परत खेळात यायचं.

रांगेचाही हिशोब करून पाहा. तीस मुलं, एक चेंडू, तीस मिनिटं. एक फेक आणि चेंडू परत आणणं याला वीस सेकंद धरले, तर त्या तीस मिनिटांत नव्वद फेकी होतात. प्रत्येकाच्या वाट्याला तीन. बाकीचा वेळ उभं राहणं, ढकलाढकली आणि हसणं. आता पंधरा जोड्या करा, प्रत्येक जोडीला एक चेंडू, दहा सेकंदांना एक फेक. एका जोडीच्या एकशे ऐंशी, प्रत्येकाच्या नव्वद. शिक्षक तोच, वेळ तीच, मैदान तेच. आणि कुणी कुणाकडे पाहत नाही, त्यामुळे हसायलाही कुणाला सवड नसते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची चांगली दमवणारी हालचाल सांगते. तीन फेकींच्या तासानं ती कशी होणार?

एखाद्या मुलाला जमत नसेल तर काय बदलायचं, याचं एक सोपं सूत्र आहे. कार्ल न्यूवेल या अभ्यासकानं १९८६मध्ये मांडलं की कोणतीही हालचाल तीन गोष्टींच्या मेळातून घडते: करणारा, करायचं काम आणि भोवतालची जागा. करणारा, म्हणजे मुलाची उंची, ताकद, भीती, हे आपण एका दिवसात बदलू शकत नाही. काम आणि जागा मात्र या क्षणी बदलता येतात. चेंडू मोठा करा, अंतर कमी करा, भिंत जवळ घ्या, दोरी खाली आणा. आमच्या तिसरीत एका मुलाचा पाय जन्मापासून अधू आहे. लंगडीत त्याला बसवून ठेवण्याची आधी पद्धत होती. आता तो एका हातानं भिंतीचा आधार घेऊन उड्या मारतो, आणि बसून फेकण्यात तो वर्गात पुढं आहे. काम बदललं, मूल तेच.

मुलींबद्दल वेगळं बोलायलाच हवं. वयात येण्याआधी मुलामुलींच्या ताकदीत फार अंतर नसतं, तरी फेकण्यात मोठं अंतर दिसतं. त्यात सरावाचा वाटा मोठा आहे. मुलाच्या हातात चेंडू आणि दगड दोन वर्षांचा असल्यापासून असतो. मुलीला आपण टिक्कर-बिल्ला, म्हणजे आखलेल्या चौकोनांतून लंगडी घालायचा खेळ देतो, दोरीवरच्या उड्या देतो. म्हणून लंगडी आणि तोल यांत आमच्या मुली मुलांपेक्षा सरस आहेत, आणि फेकण्यात मागं. मी स्वतः चौथीत असताना चेंडू घ्यायला गेले तर “पोरींचा खेळ तिकडे” असं ऐकलं होतं. मी गेलेही तिकडे. आता माझ्या मैदानात “तिकडे” अशी जागा नाही. टिक्कर-बिल्ला मुलंही खेळतात, आणि त्यांचा तोल पाहून मुलींना बरं वाटतं.

नवीन साहित्याची वाट पाहू नका, कारण आपल्याकडचे जुने खेळ नीट पाहिले तर या तीनही गटांची कौशल्यं त्यांत आहेत. लगोरीत फेकणं, वाकणं आणि पळणं. आट्यापाट्यांत आडवं सरकणं आणि हुलकावणी. खो-खोत पळणाऱ्या पाठलागवाल्याला दिशा उलटी करता येत नाही, म्हणून पुढचा खेळाडू वळून निसटायला शिकतो, आणि बसलेल्याला खो मिळताच बसल्या जागेवरून वेग घ्यावा लागतो. डाबडुबलीत झाडावर चढणं, लोंबकळणं, उतरणं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं देशी खेळ १९१४पासून जपले, आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन त्यांची प्रात्यक्षिकंही दाखवली. एवढी परंपरा आपल्या दाराशी आहे. फक्त पहिली-दुसरीतल्या मुलांना पूर्ण नियमांचा खो-खो देऊ नका. त्यांना त्यातलं एक कौशल्य तोडून द्या: नुसतं बसून उठून पळणं, नुसतं खांबाला वळसा घालणं.

आपल्या भागाच्या दोन अडचणी आहेत, ऊन आणि माती. मार्चनंतर सकाळची शाळा असली तरी नऊ वाजताच मैदान तापतं, म्हणून पळण्याचं काम परिपाठानंतर लगेच उरकते आणि नंतर सावलीत तोलाचे खेळ. पाणी पिण्यासाठी मधे थांबतेच. काळ्या मातीचं मैदान पावसाळ्यात चिकटतं आणि वाळलं की भेगाळतं. त्या भेगेत घोटा मुरगळतो. मुरूम टाकून घेता आला तर उत्तम, नाही तर निदान खेळाच्या पट्ट्यापुरत्या भेगा बुजवून घ्या. शिक्षण हक्क कायद्यात, २००९च्या, खेळाचं मैदान आणि खेळाचं साहित्य दोन्ही शाळेच्या निकषांत आहेत. ग्रामपंचायतीकडे किंवा शाळा व्यवस्थापन समितीत मुरूम मागताना हे जरूर सांगा. मी सांगितलं, तेव्हा मागणी पहिल्यांदा इतिवृत्तात लिहिली गेली.

पावसाच्या झडीत मैदान बंदच. तेव्हा व्हरांडा आणि सरकी भरलेल्या छोट्या कापडी पिशव्या. लहान वर्गासाठी मला यापेक्षा चांगलं साधन सापडलेलं नाही. ही पिशवी पडली की पडते, चेंडूसारखी घरंगळत नालीत जात नाही. हाताला बसते, अंगाला लागली तरी दुखत नाही, डोक्यावर ठेवून चालता येते, पायावर ठेवून लंगडी घालता येते, टोपलीत फेकता येते. करायची कृती सोपी. जुन्या जाड कापडाचे वीतभराहून थोडे लहान दोन चौकोन घ्या, तीन बाजू दुहेरी टाक्यानं शिवा, उलटवा, दोन मुठी सरकी भरा आणि चौथी बाजू बंद करा. गच्च भरू नका. सैल असली तरच ती हातात मुडपते आणि झेलता येते.

सरकी जिनिंगमधून आणलेली किंवा ढेपीच्या दुकानातली घ्या. पेरणीच्या पाकिटात उरलेलं बियाणं चुकूनही भरू नका, त्याला कीटकनाशक लावलेलं असतं आणि मुलं पिशवी तोंडाला लावतात. पाऊस संपला की पिशव्या उसवून उन्हात वाळवा, कारण ओल लागली की आतल्या सरकीला बुरशी येते, कधी मोडही येतात. मागच्या भादव्यात आमच्या एका पिशवीतून दोन हिरवी पानं बाहेर आली होती, आणि पहिलीच्या पोरांनी ती शाळेच्या कुंपणाशी लावली.